चौथ्या जागेवरचे जस्त

चौथ्या जागेवरच्या गाळात जस्त सर्वांत कमी होते. त्याच गाळात राहणाऱ्या किड्यांत ते सर्वांत जास्त होते. पहिले दोन महिने असे नव्हते. तिसऱ्या महिन्यापासून सलग सहा वेळा असे झाले.

मी खाडीच्या चिखलातल्या किड्यांमध्ये साठलेले जड धातू मोजते. हे किडे बोटाएवढे लांब, तांबूस, अंगाच्या दोन्ही कडांना बारीक पायांची झालर असलेले. ते गाळात राहतात, गाळच खातात, आणि समुद्राचे पाणी त्यांच्या सर्वांगाला सतत लागलेले असते. गाळात आणि पाण्यात जे शिसे, तांबे, कॅडमियम असेल ते हळूहळू त्यांच्या अंगात उतरते आणि बहुतांशी तिथेच मुक्काम करते. किडा खोटे बोलत नाही, असे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणतात. माणसांबद्दल त्यांचे मत निराळे आहे.

आमच्या जागा चार. पहिली गोदीच्या नाल्यापाशी, जिथे जहाजांचे जुने रंग खरवडून धुतले जातात. दुसरी आणि तिसरी तिथून खाली, खाडीच्या मुखाकडे. चौथी वाळूच्या बांधापलीकडे, जिथे गोदीचे पाणी पोहोचत नाही. तो मला भेटला तो दुसऱ्या जागेवर, आणि त्या वेळी मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले होते.

"बसा," मागून कोणीतरी म्हणाले.

"चिखलात?"

"उभ्या राहिलात तर आणखी खाली जाल. बसा, मग एकेक पाय काढा. घाई नको. भरतीला पाऊण तास आहे अजून."

मी मान वळवली. खांद्यावर दाताळे, कमरेला डबा, पाऊस नुकताच थांबल्यामुळे पापण्यांवर थेंब. गळाला लावायचे किडे खणून विकणारा माणूस असावा, हे दाताळ्यावरून कळले. पापण्यांची नोंद मी का केली, ते सांगता येणार नाही.

"पाऊण तास — नक्की?"

"पंधरा वर्षं खणतोय इथे. चार मिनिटं इकडेतिकडे."

चुकीची मर्यादा स्वतःहून सांगणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. मी बसले.

पाय निघाला, बूट राहिला. आठ दिवसांनी आमचे शिपाई मामा दारातून डोकावून म्हणाले, "ताई, कोणीतरी तुमचा पाय घेऊन आलंय."

तो बूट दोन्ही हातांत धरून उभा होता, भरलेले भांडे धरावे तसा. बाहेरून धुतलेला, आतून काठोकाठ भरलेला.

"काल संध्याकाळी सापडला. आत सात किडे आहेत. तुम्हाला लागतील म्हणून तसेच ठेवले. रात्रीतून तीनदा पाणी बदललंय."

"हे नमुन्यात धरता येणार नाहीत."

"का? दुसऱ्या जागेचेच आहेत."

"बुटातले आहेत. बूट ही जागा नाही."

त्याने बुटात पाहिले, मग माझ्याकडे. "मग यांना काय सांगू?"

मी हसले. मामांनी ते पाहिले, आणि मामांच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

बाईंनी त्याला नमुने आणायच्या कामावर घेतले, कारण मी तोवर बुटांचे दोन जोड चिखलाला अर्पण केले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत मागे हटते, तेव्हा त्याने चारही जागांवरचे किडे आणायचे. दाताळ्याऐवजी आम्ही दिलेली प्लॅस्टिकची खुरपी, आम्ही दिलेले चार डबे. सूचनांचा कागद मी लिहून दिला. त्यात तेल नको, रंग नको, साबण नको, असे सगळे होते. पहिले दोन महिने चारही डबे त्याच दिवशी दुपारी आले. मामांनी त्याचे नाव 'ओहोटी' ठेवले. "तुमची ओहोटी आली," असे ते कॉरिडॉरच्या टोकावरून सांगत, म्हणजे ते सर्वांना कळे.

तिसऱ्या महिन्यात तो तीनच डबे घेऊन आला.

"चौथी जागा लांब पडते," तो म्हणाला. "एका ओहोटीत होत नाही. चौथा डबा उद्या आणला तर... चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.

माझा दादा म्हणतो, की मला कोणी 'आज गारवा आहे' असे सांगितले तरी मी थर्मामीटर मागते. मी त्या दिवशी काहीच मागितले नाही. किती लांब, हेसुद्धा विचारले नाही.

त्यानंतर दर वेळी दुसऱ्या दिवशी, साडेदहाच्या सुमाराला, तो एकच डबा घेऊन येऊ लागला. डबा टेबलावर ठेवायला अर्धा मिनिट लागते. तो खिडकीपाशी वीस मिनिटे उभा राहत असे.

"हे दोन दिवस काचेत का ठेवता त्यांना?" त्याने एकदा विचारले.

"पोट रिकामं व्हायला. पोटातला गाळ मोजण्यात आला तर किड्याच्या अंगात खरं काय आहे ते कळत नाही."

"आणि माणसाला असं ठेवलं तर?"

"माणूस दोन दिवसांत रिकामा होत नाही."

"मग किती लागतात?"

"त्याची नोंद नाही."

"नोंद नाही की कोणी बघितलंच नाही?" तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खिडकीतून ऊन येत नव्हते.

मी काचपात्रावर वाकले. "हे चौथ्या जागेचे जरा सुस्त दिसतात."

"लांबचे पाहुणे. दमले असतील."

मी तेही लिहून ठेवले नाही. सुस्त किडा ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. मी तिच्यावर हसले, आणि हसण्याची नोंदवही आमच्याकडे नाही.

सहा वेळांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला आपण काय केले ते आठवू लागते.

"गाळ स्वच्छ, पाणी स्वच्छ, आणि किडे जस्ताने भरलेले. कसे?"

"कळत नाही."

"मला कळतं. तो चौथ्या जागेवर जातच नाही. बांधापलीकडे चालत जायचा कंटाळा. नाल्यापाशीच चौथा डबा भरतो आणि दुसऱ्या दिवशी आणून देतो, म्हणजे लांबून आणल्यासारखं वाटावं."

मी आकड्यांचा कागद स्वतःकडे वळवला.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अहवाल द्यायचाय. हे आकडे खरे असतील तर विष बांधापलीकडे गेलं असा अर्थ होतो. मग सगळी खाडी बंद होईल, एकालाही खणता येणार नाही. खोटे असतील तर नमुने आणणाऱ्याने फसवलं असं लिहायचं आणि त्याला काढायचं. तीन आठवडे आहेत. यातलं कुठलं, ते तुम्ही सांगा."

दोन्हींकडे तोच होता. पहिल्यात त्याचे काम जात होते. दुसऱ्यात कामही जात होते आणि तोही.

मी जेवढे करू शकत होते, तेवढे केले. नाल्यापासच्या किड्यांत जस्ताबरोबर शिसे आणि तांबेही भरपूर असते. चौथ्या डब्यातल्या किड्यांत शिसे नव्हते, तांबे नव्हते; फक्त जस्त. म्हणजे ते नाल्याचे नव्हते. मी कागद बाईंपुढे ठेवला.

त्यांनी तो पूर्ण वाचला. "मग हे जस्त आलं कुठून?"

"माहीत नाही."

"तुमचं त्याच्याबद्दल मत काय आहे?"

"मत नाही," मी म्हणाले. त्या आठवड्यात मी पुराव्याविना केलेले हे एकमेव विधान.

मी दादा-वहिनींकडे राहते. वहिनी शाळेत गणित शिकवते. तिला कुठेही क्रम दिसला की चैन पडत नाही. त्या संध्याकाळी ती वाळलेले कपडे घडी करत बसली होती. माझा निळा सदरा हातात घेऊन म्हणाली, "एक विचारू? हा तू महिन्यातून दोनदाच घालतेस. मी बघतेय, तीन महिने झाले. आणि दर वेळी अमावास्या-पौर्णिमा झाली की लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. चंद्राचा आणि या सदऱ्याचा काय संबंध?"

"योगायोग."

"सहा वेळा?"

मी घडी केलेले टॉवेल पुन्हा घडी करू लागले.

"तुझ्या जागी दुसऱ्या कोणी सहा वेळांना योगायोग म्हटलं असतं," वहिनी म्हणाली, "तर तू त्याला रात्रीचं जेवण गोड लागू दिलं नसतं."

मी खोलीत जाऊन नोंदवही उघडली. पहिल्या तीन डब्यांची तारीख एक, चौथ्याची एक दिवस पुढची. सहाही वेळा. आणि जस्त नेमके त्याच सहा वेळा. हा फरक माझ्याच अक्षरात तीन महिने माझ्यासमोर होता. मी तो पाहिला नव्हता असे नाही. मी त्याला प्रश्न विचारला नव्हता, कारण उत्तर आले असते तर तो दुसरा दिवस कदाचित बंद झाला असता.

पुढच्या ओहोटीला मी त्याला न सांगता निघाले. मनगटावर घड्याळ, पायांत तिसरा जोड. पहिल्या तीन जागांवर थांबत, रुतत, बसत, उठत मी बांध ओलांडून चौथीवर पोहोचले तेव्हा दोन तास दहा मिनिटे झाली होती. पाणी अजून मागेच सरकत होते. एका ओहोटीत चारही जागा आरामात होत होत्या — माझ्यासारखीच्यासुद्धा होत होत्या.

म्हणजे तो खोटे बोलला होता. मी तशीच उभी राहिले आणि पाय चिखलात खाली जाऊ लागले; आणि या वेळी 'बसा' म्हणणारे मागे कोणी नव्हते.

तो वीस मिनिटांनी आला. बारीक पाऊस सुरू झाला होता, आवाज न करणारा. मला पाहून तो थबकला, मग सावकाश चालत आला आणि खुरपी खाली ठेवली.

"आज... तुम्ही स्वतः?"

"चौथी जागा किती लांब आहे?"

त्याने माझ्या घड्याळाकडे पाहिले.

"बांधापासून सात मिनिटं," तो म्हणाला.

"एका ओहोटीत होत नाही म्हणाला होतात."

"होतं. खोटं बोललो."

"किडे कुठले आणत होता?"

आता त्याचा चेहरा बदलला. "किडे? किडे इथलेच. दर वेळी इथलेच, तुम्ही काठी रोवलीय त्याच्या हातभर आत. दिवसाबद्दल खोटं बोललो. किड्यांबद्दल नाही."

"कशावरून?"

"कशावरूनही नाही," तो म्हणाला. "तुम्ही विचाराल हे ठाऊक होतं, आणि माझ्याकडे काही नाही दाखवायला. खणून दाखवतो, एवढंच."

त्याने खणले नाही. तसाच उभा राहिला, पावसात. मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि म्हणूनच ठेवता येत नव्हता. मी सुचला तो प्रश्न विचारला.

"मग रात्रभर कुठे ठेवता ते?"

"घरी. डब्यात मरतील म्हणून बादलीत काढतो. पाणी इथलंच नेतो, कॅन भरून. तीनदा बदलतो, त्या बुटातल्यांचं बदललं होतं तसं."

"कसली बादली?"

"नवी आहे," तो थोडा दुखावल्यासारखा म्हणाला. "घरातल्या प्लॅस्टिकच्या बादलीला डिझेलचा वास येतो. तुमच्या कागदात तेल नको लिहिलंय. म्हणून तुमच्या किड्यांसाठी वेगळी आणली. पत्र्याची. चकचकीत — दुसरं काही घालत नाही मी तिच्यात."

मी खाली बसले. चिखलात, कोणी न सांगता.

"काय झालं? रुतलात का?"

"पत्र्याची," मी म्हणाले. "ती चकाकी कसली असते, माहितीय?"

"कसली?"

"जस्ताची. पत्र्याला गंज चढू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर देतात. खारं पाणी तो थर खातं. तुम्ही तीनदा पाणी बदललंत, दर वेळी ताज्या पाण्याने ताजं जस्त काढलं, आणि किडे रात्रभर त्यात बसले."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"म्हणजे मी त्यांना... तुमचे सहा महिन्यांचे कष्ट..."

"तीन महिन्यांचे. आणि कागद माझा होता. धातू मोजणाऱ्या बाईने धातू नको एवढं मात्र लिहिलं नाही. मला ते सांगायची गरजच वाटली नव्हती."

पाऊस त्याच्या पापण्यांवर पुन्हा थांबला होता. मी या वेळी नोंद केली.

"पण दुसरा दिवस कशासाठी?" मी विचारले.

"ते पण अहवालात लागतं?"

"सगळं लागतं."

तो चिखलात बोटाने रेघ ओढत राहिला. "चार डबे एकदम दिले की वीस मिनिटं," तो शेवटी म्हणाला. "एक मागे ठेवला की आणखी वीस. मी शिकलेला नाही एवढा, पण एवढं येतं मोजायला."

मला वाटणे हा पुरावा नव्हे, म्हणून प्रयोग केला. त्या दिवशी चौथ्या जागेवरून त्याने माझ्यासमोर साठ किडे खणले. तीस प्लॅस्टिकच्या डब्यात, तीस त्याच्या बादलीत. बादली त्याने प्रयोगशाळेत आणून ठेवली. हँडलला दुकानातली चिठ्ठी अजून लटकत होती. अठरा तास. मग दोन दिवस स्वच्छ पाण्यात पोट रिकामे होऊ देणे, मग वाळवणे, आम्लात विरघळवणे, यंत्र. तो रोज येत होता, आणि आता त्याच्याकडे डबा नसे. मामांनी पहिल्या दिवशी 'ओहोटी आली' म्हटले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही ओहोटी काही मागे जायचं नाव घेत नाही."

"घाबरलात का?" मी त्याला यंत्रापाशी विचारले. आकडे उमटायला चार मिनिटे होती.

"बादलीतून नसेल आलं तर मी खोटारडा ठरेन."

"तसं नाही ठरणार. कारण माहीत नाही, एवढंच ठरेल."

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय वाटेल?"

"मला काय वाटतं त्यावर या यंत्राचा आकडा बदलत नाही."

"आकड्याचं नाही विचारलं मी."

मी बोलणार होते, पण आकडे आले. डब्यातले किडे: पहिल्या दोन महिन्यांइतके. बादलीतले: सहापट. मी ते दोनदा वाचले, मग त्याला वाचून दाखवले, आणि त्याने इतक्या सावकाश श्वास सोडला की काचपात्रातल्या पाण्यावर तरंग उठला. त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता. माझाही तिथेच होता. तो मी मुद्दाम ठेवला होता.

बाईंनी दोन्ही आकडे पाहिले आणि चष्मा घातला. म्हणजे खाडी बांधापलीकडे स्वच्छ होती. खणणाऱ्यांना नाल्यापासची पहिली जागा सोडावी लागणार होती, तिथले शिसे कोणत्याही बादलीचे नव्हते. बाकीची खाडी त्यांचीच राहणार होती.

"छान," बाई म्हणाल्या. "पण एक राहिलं. किडे रात्रभर बादलीत का होते? बाकीचे तीन डबे तर त्याच दिवशी आले. वाचणारा विचारेल."

"ते... वैयक्तिक आहे."

"कारण वैयक्तिक आहे म्हणून ते कारण नाही, असं तुम्हाला कोणी शिकवलं? मी तर नाही. लिहा."

मी लिहिले. चार ओळी लिहायला दुपार गेली. नमुने आणणाऱ्याची सही लागते, म्हणून तो कागद मी त्याच्यापुढे ठेवला. तो ओठ हलवत वाचत गेला, शेवटच्या ओळीपाशी थांबला, परत मागे गेला आणि पुन्हा तिथेच थांबला.

"हे खरं आहे?"

"तपासलेलं आहे."

"कसं तपासलंत?"

"निळ्या सदऱ्यावरून. वहिनीकडे सहा नोंदी आहेत."

त्याला ते कळले नाही. ते मी त्याला पुढे केव्हातरी सांगितले. त्याने सही केली, पेनाला टोपण लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले.

"उद्या येऊ?"

"उद्या काही नमुना नाही."

"म्हणूनच विचारतोय."

"ये," मी म्हणाले.

कागदावर असे होते:

चौथ्या जागेवरच्या शेवटच्या सहा नमुन्यांतील जस्ताचे आकडे ग्राह्य धरू नयेत. ते जस्त खाडीतले नसून जस्ताचा थर दिलेल्या बादलीतले आहे. किडे त्या बादलीत दर वेळी सुमारे अठरा तास राहिले, कारण नमुने आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पुन्हा यायचे होते. तीन महिने ही गोष्ट तपासली गेली नाही, कारण नमुने घेणारीलाही त्याने यावे असे वाटत होते.